टेपचं दुसरं टोक

दर्शनी बाजू

त्या गल्लीतली जुनी घरं फोटोला उभ्या राहिलेल्या भावंडांसारखी एकमेकांना खेटून होती. ताई अशाच घरांची मापं घेऊन नकाशे काढायची. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं धाकट्या बहिणीच्या. धाकटीचं लक्ष मापांत कमी आणि घरांचं बारसं करण्यात जास्त. गोल सज्जा पुढे आलेलं घर म्हणजे ‘पोटसुटे शेठ’, दोन वाटोळ्या खिडक्यांचं ‘चष्मेवाल्या बाई’.

धाकटी जाऊन वर्ष होत आलं होतं. आता दुसरं टोक तिचा नवरा धरायचा. शाळेत शिकवायचे म्हणून ताईसाठी ते मास्तर. त्यांनी शाळा सोडली, जेवणही सोडल्यातच जमा होतं. एकदा पुलाच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेले सापडले. त्या दिवसापासून ताईनं ठरवून टाकलं होतं की यांना नजरेआड होऊ द्यायचं नाही.

आज ज्या घराची किल्ली मिळाली होती ते खाली दगडी, वर लाकडी. खिडक्यांच्या माथ्यावर कोरलेली वेल इतकी नाजूक, की वारा आला तर हलेल. शेजारच्या घराची वेलही तशीच. एकाच सुताराचा हात.

“या घराला ती काय म्हणाली असती?” मास्तरांनी विचारलं.

“रुसलेली नवरी. बघा ना, सगळी दारं लावून बसलीय.”

“अगदी तिच्यासारखं बोलता, ताई.”

“ती माझ्यासारखं बोलायची. मोठी कोण आहे?”

मास्तर हसल्यासारखे झाले.

जिना

कठडा हातांनी झिजून रेशमासारखा झाला होता. ताईनं त्यावरून तळवा फिरवला. वळणावर कुठे सांधा लागतो का ते बोटांनी शोधलं, सापडला नाही. धाकटी असती तर घसरत खाली गेली असती, आणि ओरडा ताईनं खाल्ला असता.

माडी

लांब दालन होतं. जमिनीवर रंगीत काचांतून आलेल्या उन्हाचे तांबडे-हिरवे तुकडे. दालन पुढे काटकोनात वळत होतं. मास्तर टोक घेऊन वळणापलीकडे गेले.

“धरलं का?”

टेप ताणला गेला. ताई आकडा टिपणार, तोच तो तिच्या हातातून आणखी सुटू लागला. सावकाश, कुणी चालत जावं तसा. घराची रुंदी ती खाली मोजून आली होती. टेप त्या मापाच्याही पुढे गेला.

“मास्तर, भिंतीत शिरलात की काय?”

“मी इथे आहे, ताई.”

ते मागे, जिन्यावर होते. हातात पाण्याची बाटली.

“टोक खिळ्याला अडकवलं आणि तुम्ही वहीत डोकं घालून होतात तेव्हा पाणी आणायला गेलो. तुमच्यासाठीच.”

दोघं वळणापर्यंत गेली. खिळा मोकळा होता. दालनाच्या टोकाला एक दार, याच बाजूनं आडवा अडसर घातलेलं. टेप त्याच्या फटीखालून पलीकडे गेला होता. ताणलेला. बारीक थरथरत.

मास्तर खाली बसले. त्यांनी टेपवर बोट ठेवलं.

“शेवटी शेवटी तिचा हात असाच थरथरायचा,” ते म्हणाले. “कप धरायची तेव्हा.”

ताईलाही वाटलं, नुसतं बसून राहावं, टेपवर गाल टेकावा. पण डोकं जागेवर ठेवायची तिची सवय जुनी होती.

“पलीकडे शेजारचं घर आहे. कुणीतरी गंमत करतंय. मी मागून बघून येते. तुम्ही हे घट्ट धरा, सोडू नका.”

“नाही सोडणार,” मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून टेप घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा.

मागची बाजू

शेजारी घर नव्हतं.

रस्त्यावरून दिसलेली दर्शनी भिंत तेवढी ठेवली होती, वेलीसकट. तिच्यामागे सगळं पाडून, राडारोडा उचलून जागा साफ केलेली. सामाईक भिंतीवर पाडलेल्या खोल्यांचा गुलाबी रंग उरला होता. एका फळीची खूण. जिन्याची तिरकी रेघ.

आणि खूप वर, माडीच्या उंचीवर, ते दार. त्याच्यापुढे काही नाही.

दाराखालून टेप बाहेर आला होता.

तो लोंबत नव्हता. नसलेल्या जमिनीवर कुणी उभं असतं तर त्याचा हात जिथे आला असता, तिथपर्यंत तिरका चढत गेला होता, आणि तिथे, उन्हात, संपला होता.

“मास्तर! सोडा तो!”

टेप हलला नाही.

घरात शिरायचं तर सगळी गल्ली वळसा घालून जायला हवं होतं.

वर अडसर सरकल्याचा आवाज झाला.

मग मास्तरांचा आवाज आला. ताईसाठी नव्हता. घरातल्या घरात बोलावं तसा, थोडा वैतागलेला, मऊ.

“थांब ना जरा. चपला घालून येतो.”