विसावी कॅसेट

माणूस खरं बोलतो ते मुलाखत संपल्यावर. पंचवीस वर्षं वार्ताहर म्हणून चपला झिजवल्या, त्यात एवढं एकच शिकलो. म्हणून "बस, झालं" म्हणत वही मिटायची, पण रेकॉर्डर आणखी दोन मिनिटं चालू ठेवायचा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि खोलीत कोण कोण आहे हे स्वतःच्या आवाजात सांगायचं. या शिस्तीवर मी नव्या पोरांना भाषणं दिली आहेत.

नाव झालं ते मात्र एकाच पुस्तकाने. एका कारखान्याला आग लागली आणि बाहेरून कुलूप घातलेल्या दारामागे चौदा बायका जळून गेल्या. मी पहारेकऱ्यासकट एकोणीस जणांना बोलतं केलं, एकोणीस कॅसेट भरल्या. तरी संपादक म्हणाला, डोळ्यांनी पाहिलेलं एक तरी माणूस हवं, नाहीतर हा नुसता अहवाल. मग पाचव्या प्रकरणात मी पॅकिंगमधली एक बाई उभी केली. पहारेकऱ्याला कुलूप लावताना तिने पाहिलं. दाराची पितळी मूठ अशी तापली होती की तिच्या तळव्याचं कातडं तिला चिकटलं. ती मूठही माझ्याच डोक्यातली, आणि मानपत्रात तिचाच खास उल्लेख होता. पहारेकऱ्याची नोकरी गेली, शेजारपाजार तुटला. मालक सहीसलामत सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली, आणि वर शालजोडी घेतली.

परवा पहारेकऱ्याच्या मुलीचं पत्र आलं. बाबा गेल्या वर्षी गेले, असं तिने लिहिलं होतं. शेवटपर्यंत म्हणत होते, 'कुलूप मी लावलं नाही.' त्या बाईचा आवाज मला एकदा ऐकवा, तो ऐकला की मी काय ते मानेन. खाली ईमेलचा पत्ता होता.

माझ्या सगळ्या कॅसेट ऐकून कागदावर उतरवल्या त्या बायकोने. त्यामुळे अशी कुणी बाई नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक. तिने पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आता तरी खरं लिहा हो तिला," ती म्हणाली. "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

मी हो म्हणालो. खरंच लिहिणार होतो. आज सकाळी अकराच्या सुमारास कोरे कागद काढायला कपाट उघडलं, तर कॅसेटचा खोका पुढे सरकून आलेला. सवयीने मोजल्या. वीस भरल्या.

विसावीवर निळ्या शाईत माझंच अक्षर होतं: पॅकिंगमधली बाई. बायकोला हाक मारली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"ही माझ्या हातून गेलेली नाही," ती म्हणाली. खाली ठेवताना तिने बोटं चोळली. त्यांना काजळी लागली होती.

ती चहा ठेवायला गेली. मी दार लोटून घेतलं आणि कॅसेट लावली.

माझा आवाज आला. तारीख आजची. ठिकाण, माझी लिहिण्याची खोली. खोलीत मी आणि त्या बाई. आवाज तरुणपणीचा नव्हता. गेल्या हिवाळ्यात बसलेला घसा त्यात होता, आणि मागे याच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

मग ती बोलू लागली. दमलेला, पन्नाशीचा आवाज. शब्दन् शब्द पाचव्या प्रकरणातला. कुलूप, पहारेकरी, मूठ. थांबत होती तीसुद्धा माझ्या स्वल्पविरामांवर.

मी घाबरलो. पण त्याआधी मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. पुरावा आयता हातात आला होता.

"बस, झालं," माझा आवाज म्हणाला. वही मिटली. टेप फिरत राहिली.

ती खोकली. बराच वेळ खोकत राहिली.

"त्याच्याकडे किल्ली नव्हतीच. सातव्या कॅसेटच्या शेवटी तो तुम्हाला सांगून गेला होता."

गेला होता. त्या दोन मिनिटांतच. मी ते वापरलं नाही, कारण मग पुस्तकच उभं राहिलं नसतं.

"आता दार उघडा," ती म्हणाली. "मला इथे तुम्ही ठेवलंय."

टेप संपली.

कोरा कागद समोर होता. 'ताई, अशी कुणी बाई' एवढं लिहिलं आणि खोडलं. मग कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. सुरुवातीची तारीख कापली, शेवटची दोन मिनिटं कापली आणि उरलेलं पाठवून दिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं.

'ऐकलं. बाबा खोटं बोलत होते, आता मानते. आभारी आहे.'

बायकोने हाक मारली, चहा निवतोय म्हणून. स्वयंपाकघर शेजारीच आहे, पण हाक फार लांबून आली.

मी उठलो. या खोलीच्या दाराला लाकडी मूठ आहे, आम्ही राहायला आलो तेव्हापासून.

हाताला पितळ लागलं. अजून नुसतं कोमट होतं.