सुवित्रा घरी आला

बस, द्वीपा. गाडीची किल्ली ठेव बाजूला आणि कॉफी घे. तुझा पाहुणा आज खाली पाण्यात पडला, तू त्याला ओढून काढलंस, टॉवेल दिलास आणि सरळ हॉटेलवर सोडून आलास, हे मला पार्किंगमधल्या चौघांनी सांगितलं. कुणी काही बोललं तर म्हणे तू हसलास. हस. तुमचं वयच हसायचं आहे. मी काही उपदेश करणार नाही, सुवित्राची गोष्ट तेवढी सांगतो.

सुवित्राला तुम्ही सगळे ओळखता. आजही दुपारी दोन पाहुण्या बायकांना गाडीतून घेऊन येऊन गेला. सदा हसतमुख, कुणाला उलटून बोलणार नाही, पाहुणे त्याचं नाव घेऊन गाडी मागतात. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी माणसासारखा माणूस होता. चिडायचा, पंक्चर झालं तर चाकाला लाथ मारायचा, आणि इथे या बाकावर बसून पाहुण्यांच्या नकला करून आम्हाला पोट धरून हसवायचा.

मागच्या वर्षीची नोव्हेंबरातली अमावास्या. कजंग क्लिवोनही त्याच दिवशी होती. हा भुताखेतांचा दिवस दर पंधरवड्याला येतो, त्याचं आपल्याला काही वाटत नाही, दारात भात-फुलं ठेवतो आणि मोकळे होतो. पण तो अमावास्येवर पडला की माझी आई आम्हाला दिवेलागणीनंतर अंगणातसुद्धा उतरू देत नसे.

तर त्या सकाळी सुवित्रा पाहुण्याला आणायला निघाला. निघताना पोरीने नेहमीसारखा पाय धरला. आयुनी, तीन वर्षांची. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, सगळ्या देवळांच्या पायऱ्या झिजवून मिळालेली. बापाच्या पोटावर पालथी पडल्याशिवाय तिला झोप यायची नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही यायची नाही. रात्री लवकर येतो, असं तिला सांगून तो गेला.

पाहुणा पर्थचा, नाव क्रेग, एकटाच. एका दिवसात तीन देवळं, दोन किनारे आणि मावळतीला कड्यावरचा नाच, असा त्याचा बेत. आता असल्या माणसाबरोबर दिवस कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या देवळात कमरेला वस्त्र गुंडाळायला तयार नाही. दुसऱ्या देवळात वाटेवरच्या फुलांच्या द्रोणावर पाय देऊन पुढे गेला, आणि सुवित्राने वाकून फुलं गोळा केली तर म्हणाला, कचरा तुम्हीच करता आणि तुम्हीच उचलता. गाडीत एसी कमी, रस्त्यात मिरवणूक का, जेवणात माशाला डोकं का. आणि वर परत, तुझा चेहरा का पडलाय, तुमच्या बेटावरचे लोक हसतात म्हणून तर आम्ही येतो.

सुवित्रा हसला. प्रत्येक वेळी हसला. आपला धंदाच तो आहे, हसायचं आणि गिळायचं. गिळलेलं कुठे जातं, हे कुणी विचारत नाही.

दुपार कलली तेव्हा ते इथे आले आणि पायऱ्या उतरून खाली किनाऱ्यावर गेले. तो पुढचा खडक तुम्ही पाहिलाय, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळलेली लहानशी घुमटी आहे ना, तोच. भरती लागली होती. क्रेगला त्या घुमटीला हात लावून फोटो हवा होता. सुवित्राने सांगितलं, साहेब, तिथे नाही जायचं, ती जागा माणसांची नाही. क्रेग गेला. त्याला धरायला सुवित्रा मागे गेला. आणि लाट आली.

दोघंही गेले. पाण्याखाली सुवित्राच्या हातात क्रेगची कॉलर आली आणि त्याने ती धरून ठेवली. पण त्याच वेळी, पाण्याखाली, कुणी बघत नसताना, दिवसभराचं सगळं त्याच्या घशाशी आलं. दात आवळून तो मनात म्हणाला... बूड.

एवढंच. मग वर आले दोघं. क्रेगचा फोन गेला होता, गुडघे सोलले होते आणि तोंड चालू होतं. तू आधी का नाही सांगितलंस, तू कसला गाइड, तुझी तक्रार करतो. सुवित्रा माफी मागत होता.

पायऱ्यांशी रत्नीआजी शहाळी विकते, तिने सगळं पाहिलं होतं. माणूस जिथे दचकतो तिथे त्याचा प्राण मागे राहतो, आणि त्याला त्याच जागेवरून हाक मारून परत न्यावं लागतं. हे तुम्हाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं आहे, तरी आज मला सांगावं लागतंय. आजीने आपल्या टोपलीतली फुलं दिली, मूठभर तांदूळ दिले, एक अंडं दिलं. म्हणाली, सूर्य बुडायच्या आत बोलाव त्याला. सुवित्राने पाण्याकडे तोंड करून रीतसर तीनदा हाक मारली. क्रेग, चल, घरी चल. क्रेग कुडकुडत उभा होता आणि म्हणत होता की आता हा नवीन तमाशा काय आहे.

आजीने सुवित्राचा दंड धरला.

"आणि तुला कोण बोलावणार?"

"मला काय होतंय आजी? वीस वर्षं रोज येतोय इथे. हा समुद्र मला ओळखतो."

"ओळखतो म्हणूनच म्हणते."

पण पाहुणा पायऱ्या चढायला लागला होता. पाहुणा निघाला की आपणही निघतो, जन्माची सवय. सुवित्रा त्याच्यामागून गेला.

क्रेगला सोडून तो घरी पोचला तेव्हा अंधार पडला होता. त्याचं गाव भातखाचरांत, समुद्रापासून चांगलं लांब. दारात बायको उभी होती, सुकर्ती, कडेवर पोर. त्याने हात पुढे केले. पोर आली नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत होती.

"बाबा कुठे?" तिने आईला विचारलं.

सुकर्ती हसली, म्हणाली हे काय समोर उभे आहेत. पोरीने रस्त्याकडे बोट केलं.

"बाबा तिथे आहेत. भिजलेत."

लहान पोर, झोपेला आली असेल, असं म्हणून दोघांनी सोडून दिलं. तो जेवायला बसला तर जेवणाला चव लागेना, मिरचीसुद्धा तिखट लागेना. रात्री आयुनीला पोटावर घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ झाली, उतरली आणि आईच्या पलीकडे जाऊन झोपली. त्याला रडू आलं. बारा वर्षं वाट पाहिलेली पोर, आणि परक्याच्या अंगावरून उतरावी तशी उतरली.

मध्येच सुकर्तीला जाग आली तेव्हा पोर जागेवर नव्हती. ती अंगणात, बाहेरच्या दाराला तोंड लावून बसली होती. कुणाशी तरी बोलत होती.

"आत या ना."

...

"तो आहे म्हणून?"

...

"मग मी सांगते त्याला जायला."

सुकर्तीने तिला उचललं. अंग तव्यासारखं तापलं होतं. तिने नवऱ्याला हलवून उठवलं आणि एकच विचारलं, आज कुठे पडलात. त्याने सांगितलं. पाहुण्याला बोलावलं तेही सांगितलं.

"आणि स्वतःला तिथे टाकून आलात?" सुकर्ती म्हणाली. "तो दारात येऊन बसलाय. पोरीला बोलावतोय. आत्ताच्या आत्ता जा आणि त्याला नीट घेऊन या."

शेजारीच सख्खा भाऊ अर्सा राहतो, त्याला उठवून बरोबर न्यायचं. पण अर्सा चार गोष्टी ऐकवेल म्हणून सुवित्रा एकटाच निघाला. फुलं, तांदूळ, अंडं आणि आपला एक सदरा घेतला. रस्त्यावर कुणी नव्हतं. गाडीची मागची सीट ओली लागली. क्रेग भिजून बसला होता, अजून वाळली नसेल, असं त्याला वाटलं. वाटेत प्रत्येक पुलावर त्याने हॉर्न वाजवला, पुलाखालच्यांकडे वाट मागायला आपण वाजवतो तसा. पूल ओलांडला की मागे कुणीतरी हलकेच खाकरत होतं. त्याने आरशात पाहिलं नाही.

इथे पार्किंगमध्ये गाडी लावली. मी टपरी बंद करून घरी गेलेलो. सगळं बंद. बॅटरी घेऊन तो पायऱ्या उतरला. खाली भरती पुरी चढली होती, वाळू दिसत नव्हती. शेवटच्या कोरड्या पायरीवर त्याने फुलं मांडली. सदरा पसरला. खडक दिसत नव्हता... नुसता आवाज. त्याने आपलं पूर्ण नाव घेऊन हाक मारली.

"नेंगा सुवित्रा, चल. घरी चल."

लाट आली, गेली.

"सुवित्रा, चल. पोर वाट बघतेय."

काही नाही.

तिसऱ्यांदा हाक मारताना त्याचा आवाज फाटला.

"सुवित्रा... चल ना रे."

"आलो."

उत्तर समुद्राकडून आलं नाही. वरून आलं. पायऱ्यांच्या टोकावरून, त्याच्याच आवाजात. मग गाडीचं दार लागलं. मग इंजिन.

त्याने खिशात हात घातला. किल्ली नव्हती. ओली वाळू होती.

तो धावत वर आला. गाडी वळत होती. आतला दिवा चालू होता. स्टिअरिंगवर तो स्वतः बसला होता, कोरडा, नीट भांग पाडलेला. काच खाली झाली. गाडीतला माणूस त्याच्याकडे बघून हसला. तुम्ही दिवसभर पाहुण्यांकडे बघून हसता ना... तसं. आणि हळूच म्हणाला,

"बूड."

गाडी गेली.

तो चालत निघाला. किती चालला, पाय दुखले का, काही कळलं नाही. गावात शिरला तेव्हा अजून अंधारच होता. दारात गाडी उभी. आत दिवा. आतून त्याला आपलं हसणं ऐकू आलं, आणि पोरीचं. त्याने हाक मारली. सुकर्ती. पुन्हा मारली. आतलं बोलणं थांबलं नाही. पण कुत्र्यांनी ऐकलं. आधी एक, मग सगळ्या गल्लीची.

अर्सा पेटलेली झावळी घेऊन बाहेर आला. सुवित्राने त्याला हाताला धरलं. अर्साने हात झटकला, डास बसल्यावर झटकावा तसा, आणि त्याच्या आरपार बघत ओरडला की इथे काहीतरी आहे. चौकातला लाकडी ढोल वाजायला लागला. माणसं आली. पातेली आली, पहारी आल्या, जळत्या झावळ्या आल्या. सगळी त्याचीच माणसं. ज्याचं घर बांधायला त्याने खांदा लावला, ज्याच्या बापाच्या चितेला त्याने लाकडं वाहिली, ते. त्यांना तो दिसत नव्हता, पण कुत्री ज्या बाजूला भुंकतील त्या बाजूला ते विस्तव फेकत होते. तो मागे सरकत गेला. मी आहे रे, म्हणत होता. मीच आहे.

दारात तो दुसरा उभा होता. पोर खांद्यावर. मागे सुकर्ती, तिचा जीव भांड्यात पडलेला. तो सगळ्यांना सांगत होता, अजून पुढे हाकला, वेशीपर्यंत न्या, सोडू नका.

वेशीपर्यंत नेलं. मग ढोल थांबला.

...

काय म्हणालास, द्वीपा? हे मला कुणी सांगितलं? थोडं सुकर्तीने सांगितलं. थोडं रत्नीआजीने. सुवित्राला विचारशील तर तो हसेल आणि म्हणेल, तसं काही झालंच नाही, काकांचं वय झालं. आणि बाकीचं... बाकीचं मला खाली पायऱ्यांवर कळलं. त्यानंतर मी अंधार पडल्यावर खाली जात नाही.

आता मला तू सांग. पाहुण्याचं जाऊ दे. त्याला ओढून काढताना तू स्वतः किती खोल गेला होतास?

किल्लीशी चाळा नको करूस. बरं. उजाडल्यावर पुजाऱ्याला घेऊन जा. एकटा जाऊ नकोस, आणि पुढे पाहुणा निघाला म्हणून निघू नकोस.

आयुनीचं सांगायचं राहिलं. त्या रात्री तिचा ताप उतरला. ती बापाच्या पोटावर झोपली. सुकर्तीने देवाला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोर उठली, आपल्या ताटातला भाताचा घास मुठीत घेऊन बाहेरच्या पायरीवर ठेवून आली. कुणाला, विचारलं तर म्हणाली, बाबा बाहेर आहेत. तेव्हापासून रोज. बाप बघतो आणि हसतो. तो घास कुत्रं खात नाही. सकाळी घास नसतो. पायरीवर माणूस बसल्याएवढा ओला डाग असतो आणि त्यात समुद्राची वाळू.

सुकर्ती परवा आली होती. रात्री दाराला आतून कडी घालते ती, आणि सकाळी कडी घातलेलीच असते. तरी गेल्या अमावास्येपासून पायरीवर त्या डागाच्या शेजारी आणखी एक डाग असतो. लहान.