सुतळीचं मागचं टोक

गाडी तुम्हांला टाकून गेली म्हणून रागावू नका. भिमाजी ड्रायव्हरला मीच म्हटलं, नीघ. पुढची गाडी चारला आहे. या बाकावर सावली आहे, चहाही आलाय, तो घ्या. तोवर कारण सांगतो.

मी काही भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा माणूस नव्हे. बाप भिक्षुक. मी पळी-पंचपात्र सोडून पाना धरला, तेव्हा गावानं नावं ठेवली. ठेवेनात का. यंत्र खोटं बोलत नाही एवढं मला कळत होतं.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा माझ्या हाताखाली रंगनाथ होता. गाडीचं मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का, हे आम्ही सुतळीनं पाहायचो. रंगनाथ मागच्या चाकाआड बसून टोक धरायचा, मी पुढं ताणायचो. मध्ये गाडी, त्यामुळं तो मला दिसायचा नाही. म्हणून खूण ठरलेली. दोन हिसके म्हणजे ठीक. एक म्हणजे थांबा, काहीतरी चुकतंय.

एका दुपारी गाडी जॅकवर होती. खाली उतरवूनच सुतळी लावायची असते. पण मालक डोक्यावर बसला होता, मला घाई. रंगनाथ मागं वाकला. सुतळीला एक हिसका बसला. मला वाटलं, उन्हाला कंटाळलाय. ओरडलो, "बरोबर आहे रे, धर!" आणि ताणलं.

जॅक घसरला.

रंगनाथ गाडीखाली सापडला, जागीच गेला. त्याच्या बायकोला, मनकर्णेला, मी एवढंच सांगितलं की जॅक घसरला. हिसक्याचं सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

गाडी पडली तेव्हा मागच्या चाकांचा आखच तिरका झाला. दुसऱ्या कुणाला त्या जागी बसवायचा धीर होईना. सुतळी दगडाला बांधून मी एकट्यानंच अंदाजे सरळ केला. मग व्हायचं तेच झालं. दोन महिन्यांत डावा मागचा टायर आतल्या कडेनं खरवडून निघाला, बाहेरची कड मात्र नवी कोरी. आतले धागे दिसायला लागले. लढाईत टायर परवान्याशिवाय मिळत नव्हता, आणि परवाना असूनही मिळत नव्हता.

हाच भिमाजी एक दिवस तीच गाडी घेऊन आला. भर बाराची वेळ.

"पंत, ह्यो आज फुटंल न्हाईतर उद्या. खाली उतारावर वढ्याचा पूल हाय. माझ्यासंगं तीस माणसं हायेत. कायतरी करा."

"करतो. आधी मागचं टोक धर."

सुतळी ताणली. मागून दोन हिसके बसले, म्हणजे टोक नीट धरलंय. भिमाजीला ही खूण कुणी शिकवली, असं वाटलं. पण मी मापात होतो. आख पहारीनं सरकवला, कमानीचे पाटे आवळले, पुन्हा ताणलं. दोन्ही बाजूंनी माप सारखं. म्हटलं, जमलं.

एक हिसका.

"अरे, सारखं आहे!" मी म्हणालो.

पुन्हा एक. आणि समोरून, विहिरीच्या वाटेनं, भिमाजी बादली घेऊन येत होता.

"पंत, पानी आनलं. धरू का आता टोक?"

माझ्या हातातली सुतळी ताठ होती. घामाचा वास येत होता. रंगनाथ तंबाखूत कात घालायचा, तोही वास होता. मागं जाऊन बघायची माझी छाती झाली नाही. एकदा न ऐकल्याचं फळ भोगत होतो, म्हणून तेवढं मात्र ऐकलं. गाडीखाली शिरलो. आख जागेवर धरणारा कमानीचा मधला बोल्ट तुटून नुसता चिखलानं धरून होता. उतारावर आख निखळला असता.

बोल्ट बदलला. सुतळी लावली. दोन हिसके. मी तिथंच बसून रडलो. भिमाजीला वाटलं, ऊन लागलं. त्या टायरला आतून ठिगळ लावलं, तो पुढं वर्षभर चालला, पण एका कडेनं झिजला नाही.

तेव्हापासून उताराची गाडी सुतळी लावल्याशिवाय मी सोडत नाही. मागचं टोक कुणाला धरायला सांगत नाही.

आता आजचं. माणसं बसली, सुतळी लावली, तर एक हिसका. तुम्ही पाहिलंतच, दोन तास गाडी खोलून बसलो होतो. बोल्ट, पाटे, टायर, सगळं ठणठणीत. म्हटलं, वजनानं काही होत असेल, म्हणून सगळ्यांना उतरवलं. दोन हिसके आले. मग एकेकाला चढवलं. सत्तावीस माणसं चढली, तरी दोनच. अठ्ठाविसावे तुम्ही. तुम्ही पायरीवर पाय ठेवलात...

म्हणून तुम्हांला चहाला खाली बोलावलं.

तुम्ही कोण, नगरला कशाला निघालात, मी विचारत नाही. मला फक्त हिसके कळतात, त्यामागचं कारण कळत नाही. ऐका, भिमाजीनं पुलापलीकडून भोंगा वाजवला. म्हणजे सुखरूप उतरला. सुटलो बुवा!

एवढी सुतळी गुंडाळून ठेवतो. एक टोक माझ्या हातात आहे, दुसरं तुमच्या बाकामागं कुठंतरी गेलंय... एक हिसका दिलात? ओढू नका हो, गाठ बसते.

थांबा. तुमचे तर दोन्ही हात कपबशीवर आहेत.