बंद वजनकाट्यावरची सोबत

माझा मामा थापा मारण्यात पटाईत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला बोल लावायला नको. रस्त्यात कुत्रं आडवं आलं असेल तर घरी पोहोचेपर्यंत त्याचा लांडगा झालेला असतो.

पण ही एक गोष्ट सांगताना तो मीठमसाला लावत नाही. जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तीच, तेवढीच, हळू आवाजात. म्हणून मला ती खरी वाटते.

खोटी असती तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी हे घडलं. एका उजाड माळावर, बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी.

मामाचा स्वतःचा ट्रक आहे. क्लीनर त्याने ठेवला नाही, कारण मामीच त्याची क्लीनर होती. मुलगी शिकून नोकरीला लागली आणि मामी घराला कुलूप घालून ट्रकमध्ये येऊन बसली. शेजारच्या सीटवर तिची उशी, पायाशी तिच्या चपला आणि दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू. मामा म्हणायचा, "हिच्यामुळे माझा रेडिओचा खर्च वाचला."

मग मामी गेली. दुखणं आलं काय आणि महिनाभरात सगळं आटोपलं काय.

त्यानंतर मामाने त्या सीटवर कोणालाच बसू दिलं नाही. वाटेत कोणी गाडीत घ्या म्हणालं तर तो त्याला सीटमागच्या बाकड्यावर बसवायचा. उशी तशीच, चपला तशाच.

मुलगी सारखी म्हणायची, "बाबा, पुरे झालं. माझ्याकडे येऊन राहा."

हा "येतो, येतो" म्हणायचा आणि पुढचं भाडं घ्यायचा. घरी त्याला करमत नव्हतं, मुलीकडेही नाही. त्याला फक्त ती शेजारची सीट पुन्हा भरलेली हवी होती. बाकी काही नको होतं.

त्या दिवशी ट्रकमध्ये फरशी भरलेली होती. नव्या रस्त्यावर अपघात होऊन गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून मामाने जुना, माळावरचा रस्ता धरला. त्या रस्त्याने आता कुत्रंही जात नाही. त्यात उन्हं कलायच्या आधीच धुकं उतरलं.

आणि वास आला... जळक्या ग्रीसचा.

मामाने आरशात पाहिलं. मागच्या चाकातून धूर निघत होता.

मग आवाज. आधी घुरघुर... मग लोखंडावर लोखंड घासल्यासारखी कर्रर्र...

बेअरिंग गेलं.

जॅक लावायला टणक जमीन हवी आणि तिथे सगळी भुसभुशीत माती. मामा रखडत रखडत पुढे गेला तेव्हा धुक्यातून तो वजनकाटा दिसला. गंजलेला लोखंडी पाटा, त्याच्या अलीकडे काँक्रीटचा पट्टा आणि बाजूला काटेवाल्याची एक खोली. खिडकीची काच फुटलेली. मामाने बॅटरी मारून आत पाहिलं.

आत एकच खुर्ची होती. रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली.

"कोणी आहे का?"

कोणी नव्हतं.

मामाने पुढच्या चाकांना दगड लावले आणि मागून जॅक चढवला. एक्सल ओढून काढला. चाकांखाली फळी सरकवली, तिला भरपूर ग्रीस चोपडलं आणि हब, म्हणजे चाकांचा मधला लोखंडी गाभा, चाकांसकट तसंच सरकवत बाहेर घेतलं. आत पाहिलं तर बेअरिंगचा पार चुरा. त्याची आतली रिंग एक्सलच्या नळीला अशी चिकटून बसली होती की जणू तिथेच जन्माला आली. छिन्नी लावून ठोकता ठोकता मामाचा घाम निघाला, त्या थंडीतसुद्धा.

शेवटी रिंग तडकली.

पेटीत नवं बेअरिंग होतं, जुन्या स्वेटरच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मामीच्या हातचं. "एक जादा असू द्या हो, वेळ काय सांगून येते?" म्हणून तिनेच ठेवलेलं. मामाने तो तुकडा खिशात घातला आणि कामाला लागला.

हब परत जागेवर बसलं. आता राहिलं होतं नट आवळणं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. हा नट आवळताना चाक फिरत राहावं लागतं, नाहीतर आतले रोलर नीट बसत नाहीत आणि बेअरिंग पुन्हा जळतं. म्हणून हे काम दोघांचं. एकाने पाना मारायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. मामी चाकाच्या मागच्या अंगाला उकिडवी बसायची आणि मडगार्डखालून हात घालून फिरवायची. पान्यापाशी बसलेल्याला ती दिसायची नाही, जोडचाकांच्या आड जायची.

फक्त ती उलटं फिरवायची. दर वेळी.

"अगं, पुढे फिरव पुढे! गाडी काय मागे न्यायचीय?"

"फिरतंय ना? मग झालं तर! चाकाला काय कळतंय?"

शेवटपर्यंत हे भांडण चाललं आणि शेवटपर्यंत मामीच जिंकली.

आता मामा एकटाच होता. पाना ठेवायचा, चाक ओढायचं, परत पाना घ्यायचा. बोटं बधिर झालेली. एकदा पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली.

तिथे, त्या चाकाला टेकून, मामा ढसाढसा रडला. वर्षभराचं एकदम बाहेर आलं.

"अशी कशी गं गेलीस मला टाकून? आता चाक कोणी फिरवायचं?"

त्याने बाहीने डोळे पुसले...

आणि चाक हललं.

थोडंसंच. मग आणखी थोडं.

मग ते फिरायलाच लागलं... एका लयीत, सावकाश, जसं फिरायला हवं तसं.

वारा नव्हता. उतार नव्हता. एवढं वजनदार चाक आपोआप फिरत नाही, हे मामाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मागे पावलं वाजली नव्हती. बोलणं नव्हतं. मामीने एव्हाना तीनदा टोमणा मारला असता. पण मेलेल्या माणसाला आवाज नसेल, असं मामाने मनाशी ठरवून टाकलं. उठून बघायचं धाडस त्याला झालं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. बघितलं आणि ती निघून गेली तर, म्हणून.

त्याने पाना उचलला. नट आवळत गेला तसं चाक जड होत गेलं आणि नेमक्या ठिकाणी येऊन थांबलं. त्याने नट जरासा सैल केला.

चाक पुन्हा फिरलं... हलकं, बिनआवाजाचं.

काम जाणणाऱ्याचा हात होता तो.

मामाने एक्सल घातला, जॅक उतरवला, सामान पेटीत टाकलं. मग शेजारच्या बाजूचं दार उघडलं, उशी झटकली आणि धुक्याकडे बघून म्हणाला,

"चल, बस."

दार तसंच उघडं ठेवून तो आपल्या बाजूला गेला. चढून बसतो न बसतो तोच...

पलीकडचं दार लागलं. अगदी हळू.

मग मामाला कुठलं भान! वर्षभर साठलेलं सगळं तो बोलत सुटला. मुलीला बढती मिळाली, घराचं छत गळतंय, दूधवाला लबाड निघाला. शेजारून हूं नाही की चूं नाही. मान वळवून बघायचं नाही, एवढं मात्र त्याने पाळलं. पण शेजारी कोणीतरी आहे, हे त्याला कळत होतं. सोबत माणूस असलं की केबिनमधली थंडी वेगळी असते, असं तो म्हणतो.

धुकं विरळ झालं. नव्या रस्त्याचे दिवे दिसायला लागले. मामाला खूप दिवसांनी चेष्टा सुचली.

"काय गं, शेवटी शिकलीस ना चाक पुढे फिरवायला?"

आणि तो हसला.

हसता हसता... थांबला.

चाक पुढेच फिरलं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मामीने मरेपर्यंत त्याचं ऐकलं नव्हतं. मेल्यावर ऐकलं असतं?

रस्त्यावरची नजर त्याने हलवली नाही. गाडी तशीच हाकत राहिला.

माल उतरवायच्या जागी पोहोचल्यावर गाडी आधी वजनकाट्यावर घ्यायची असते. आणि काट्यावर चालकाशिवाय गाडीत कोणी थांबायचं नसतं, वजन चुकतं. खिडकीतला काटेवाला चहा पीत होता. त्याने मान वर केली.

"अहो, शेजारच्यांना उतरवा की खाली."



"कोणाला?"

"ते काय, बसलेत ते आजोबा. उतरा हो आजोबा, काटा घ्यायचाय."

मामाने तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

सीट रिकामी होती. उशी मात्र मधोमध दबलेली होती.

एक शब्द पुरे होता. 'उतरा.' मामाने तोंड उघडलंही. पण त्याला ती फुटकी खिडकी आठवली. ती एकच खुर्ची आठवली, ज्या रस्त्याने कोणी येत नाही त्या रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली. आणि त्याच्याबरोबर स्वतःचं कुलूपबंद घर आठवलं.

"राहू द्या," मामा म्हणाला. "माझ्याबरोबरचे आहेत."

"वजन जास्त दाखवेल."

"दाखवू दे."

गेल्या महिन्यात मामा आमच्याकडे आला होता. परत निघताना मला स्टँडवर सोडतो म्हणाला. मी नकळत दार उघडून शेजारच्या सीटवर बसायला लागले.

"तिथे नको," तो म्हणाला. "तू मागे बस."

मागे बाकड्यावर मामीची उशी होती. तिच्या चपलाही तिथेच, नीट जोडीने ठेवलेल्या. मी उशी मांडीवर घेऊन बसले. मामा वाटभर गप्पा मारत होता. खुशीत होता, गालावर मांसही चढलंय. फक्त बोलताना तो माझ्याकडे नाही, शेजारच्या सीटकडे बघत होता.

उतरताना मी विचारलंच. "मामा, कोण आहे रे तो?"

"बोलत नाही गं काही," मामा म्हणाला. "पण चाक छान फिरवतो."

मी घाईघाईने दार लावलं आणि मागे वळून पाहिलं नाही.

मामाची मुलगी मला दर आठवड्याला फोन करते. "ताई, बाबा त्या ट्रकमध्ये एकटेच असतात गं. मला झोप लागत नाही."

"एकटा नाही तो," मी सांगते.

तिला वाटतं, मी तिची समजूत घालतेय.