कागदी टेपचा शेवटचा तुकडा

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. पण ज्या बाईसोबत हे घडलं ती माझी सख्खी वहिनी आहे, आणि ती उगाच घाबरणाऱ्यातली नाही. आमच्या घरात घाबरट म्हणून नाव आहे ते माझं.

आणि हे रात्री-अपरात्री घडलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे अडीच. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

घराचं मोठं काम तेव्हा संपलं होतं. फरशी झाली, रंग झाला, बाथरूम नवीन झालं. राहिली होती ती किरकोळ कामं. ज्यांनी घराचं काम काढलंय त्यांना विचारा, ही किरकोळ कामंच माणसाला रडवतात. बाथरूमच्या टाइलमधल्या फटी उघड्या. एक स्विचबोर्ड लोंबकळतोय. आतल्या खोलीचं दार फरशीला घासतंय.

मिस्त्रीने पद्धत घालून दिली होती.

"ताई, सारखा फोन नका करू. जिथे काम राहिलंय तिथे या पिवळ्या कागदी टेपचा तुकडा लावून ठेवा. मी येईन, काम करीन, टेप काढीन. टेप दिसली नाही की समजायचं, झालं."

वहिनीने घरभर एकोणीस तुकडे लावले. मिस्त्री जो गायब झाला तो झालाच.

घरात दिवसभर ती आणि नऊ महिन्यांचा गुंड्या. त्याला दात येत होते. रडायला लागला की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. दादा त्याला भोंगाच म्हणायचा.

एक दिवस वहिनी गुंड्याला घेऊन भाजी आणायला गेली. परत येऊन बघते तर स्विचबोर्ड पक्का बसलेला. टेप नाही.

खाली फरशीवर त्या टेपची वाटाण्याएवढी घट्ट गोळी पडलेली...

"आला बाई एकदाचा!" तिला आनंदच झाला. मिस्त्रीकडे एक किल्ली होतीच.

दुसऱ्या दिवशी दाराचं घासणं थांबलं. तिसऱ्या दिवशी ड्रॉवरला मुठी लागल्या. प्रत्येक वेळी ती अर्धा तास बाहेर गेलेली असताना. मग तिने आभार मानायला फोन लावला.

"कोण, मी?" मिस्त्री म्हणाला. "ताई, आठ दिवस झाले, मी दुसऱ्या साइटवर अडकलोय. कोणी फुकटात करून जात असेल तर त्याचा नंबर मला द्या. मलाच माणसं मिळत नाहीयेत!"

वहिनीला तो हसला ते आवडलं नाही. किल्ली दुसऱ्या कुणाला दिली असेल तर? जिथे आपलं लेकरू झोपतं तिथे कोण फिरतंय?

तिने त्याच संध्याकाळी कुलूप बदललं.

"अगं, लोक कामं होत नाहीत म्हणून कटकट करतात," दादा म्हणाला, "आणि तू होतायत म्हणून!"

नव्या कुलपाच्या दोनच किल्ल्या. एक तिच्या गळ्यात, एक दादाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरीच होती. दाराला आतून कडी. नुकतीच फरशी पुसलेली. गुंड्या मांडीवर.

आणि बाथरूममधून आवाज आला...

खर्र... खर्र...

पॉलिश पेपर घासावा तसा.

तिने दार ढकललं. आत कोणी नाही. टाइलच्या फटी भरलेल्या. तिने बोट लावलं तर बोट आत रुतलं. भरण अजून ओलं होतं.

ओल्या फरशीवर तिच्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं.

तरी ती खमकी. तिने सापळा लावला. नव्या कपाटाला काही झालं नव्हतं, त्यावर मुद्दाम टेप चिकटवली. तीन दिवसांत आजूबाजूची सगळी कामं झाली. कपाटाची टेप मात्र तशीच.

जे कोणी होतं ते फसत नव्हतं. चांगल्या वस्तूला ते हात लावत नव्हतं.

आता मात्र तिचा धीर सुटला. मंगळवारी तिने ठरवलं, आजच गुंड्याला घेऊन आईकडे जायचं. निघण्याआधी घरातल्या उरलेल्या टेप काढायच्या. कपाटाची काढली. आणखी दोन काढल्या. भिंतीच्या तळाशी लावलेली एक राहिली होती, ती काही सापडेना.

सापडली ती गुंड्याच्या गळ्यावर.

रांगताना त्याने ओढून काढली असणार आणि हनुवटीखाली चिकटवून घेतली असणार. दोन तास तो नुसता भोकाड पसरून होता. आत्ता कुठे हुंदके देत देत डोळा लागला होता.

टेप ओढली असती तर उठला असता.

"उठला की काढू," असं म्हणून ती बॅग भरायला बाहेरच्या खोलीत गेली. कुठल्याही आईने हेच केलं असतं. मीही केलं असतं.

पाच मिनिटं झाली असतील...

खर्र...

आतल्या खोलीतून.

खर्र... खर्र...

अगदी हळू. काहीतरी फार नाजूक घासावं तसं.

ती धावली. गुंड्या जागा होता. चेहरा लालबुंद, तोंड वासलेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आवाज नाही.

गळ्यावर टेप नाही. उशीपाशी ती पिवळी गोळी...

डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले. गळा ठणठणीत आहे म्हणतात. तो हसतो, 'बाबा' म्हणतो, खिदळतो. फक्त रडण्याला आवाज नाही. एका डॉक्टरांनी तर वर ऐकवलं, "नशीबवान आहात, किती शांत बाळ आहे!"

त्यांनी ते घर सोडलं त्याला पाच महिने झाले. वहिनी अजून रात्रभर नीट झोपत नाही. दर थोड्या वेळाने अंधारात त्याच्या गालाला हात लावून बघते.

गाल ओला तर नाही ना...

दुसरं कळायला मार्गच नाही.

तिच्याकडून मी घरी आले तेव्हा माझी लेक आत गळा काढून रडत होती. मी चपलाही न काढता तिच्या खोलीपर्यंत गेले.

पण लगेच उचललं नाही तिला.

दारात उभी राहून थोडा वेळ नुसती ऐकत राहिले.