पंख्यातला गुंतवळ

तोंडात तंबाखू असेल तर आधी बाहेर जाऊन टाकून या. ही गोष्ट सुरू झाली की मधे थुंकायला उठता येणार नाही.

मुळा धरणाच्या फुगवट्याकाठी एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथं स्नेहल नावाची नर्स बदलून आली. माहेर भिंगारचं, वडील लष्कराच्या छावणीत कामाला होते. पोर कामाला चोख, बोलायला गोड, हात हलका. तिनं सुई टोचली तर लेकरू रडायचं विसरायचं. पण एका गोष्टीची तिला फार शिसारी होती. थुंकीची. आणि नेमकं तेच काम तिच्या वाट्याला होतं. जुन्या खोकल्याच्या माणसांच्या थुंकीचे नमुने गोळा करायचे, लाल झाकणाच्या लहानशा डब्यांतून. माणूस डबी पुढं करी तेव्हा ती तोंड फिरवायची आणि दोन बोटांच्या चिमटीत डबी धरायची. देणारा खाली मान घालायचा. ते तिला दिसत नसे, कारण तोंड दुसरीकडं असे.

पाण्याच्या पलीकडं एक वस्ती आहे. रस्त्यानं जायचं तर सगळ्या डोंगराला वळसा. होडीनं गेलं तर थेट समोर. होडी बिभीषण चालवायचा, पण म्हातारपणानं त्याच्या डोळ्यांत पडदा उतरला होता, लांबचा काठ त्याला धुरकट दिसायचा. म्हणून स्नेहलनं होडी शिकायला घेतली. ती शिकली नाही, तर वस्तीवरच्या लेकरांचे डोस बंद पडणार होते.

बिभीषण शिकवायचा सावकाश. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हा धडा त्यानं शेवटाला ठेवला होता.

"सिस्टरबाई, इंजान बंद पडलं की मानूस आधी घाबरतं, मग हुबं ऱ्हातं, मग पडतं. तुमी घाबरा, पन बसून घाबरा. जाकिटाचे पट्टे आवळायचे. नांगर सोडायचा. मग पेट्रोल बघायचं, मग इंजानाचा पान्यातला पंखा. वेणी आत खोचल्याबिगर पंख्यावर वाकायचं न्हाई. आन पंख्यात जे गुतलं असंल ते काढून बादलीत घ्यायचं. पान्यात टाकायचं न्हाई."

"का हो काका?"

"टाकलेलं फिरून पंख्यातच येतंय."

त्या दिवशी हिवाळ्यातली दुपार होती. वस्तीवरची सायली तान्ह्याला डोस द्यायला अलीकडं आली होती, तिला घरी सोडायचं होतं. होडी स्नेहल चालवणार, बिभीषण नुसता बसणार, असं ठरलं. निघायच्या आधी स्नेहलनं काठावर उभं राहून केस विंचरले, घट्ट वेणी घातली. फणीत आलेला गुंतवळ बोटाभोवती गुंडाळला आणि पाण्यात भिरकावला.

"अवो सिस्टर," सायली म्हणाली, "त्याच्यावर थुकला न्हाई व्हय?"

"शी! कशाला?"

"बायका थुकूनच टाकतेत. कोरडा टाकला तर दुसरी कुनी आपला म्हनून घेती."

"घेऊ दे. म्हणावं, धुऊन घे बाई."

सायली हसली. बिभीषण हसला नाही. त्यानं पाण्याकडं पाहिलं. गुंतवळ तरंगत नव्हता. इतकी हलकी वस्तू, दगडासारखी खाली गेली होती.

अर्ध्यावर इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

आवाज थांबल्यावर पाण्याचा वास वर आला. तोवर तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. शेवाळ, कुजकी मासळी, आणि त्यात मिसळलेलं काहीतरी गोडसर. बिभीषण मांडी घालून बसला. म्हणाला, "हं. आता तुमीच सांगा. पयलं काय?"

स्नेहल बसूनच घाबरली. स्वतःचे पट्टे आवळले, सायलीचे आवळले. नांगर सोडला. दोर सरसर गेला, नांगर तळाला टेकला, आणि तरीही होडी थांबली नाही. हळूहळू ती एका बाजूला ओढली जाऊ लागली. वारा तर पडला होता. पुढं पाण्यातून बुडालेल्या बाभळींची काळी टोकं वर आली होती. फायबरची होडी त्यांवर बसली की तळ फाटणार, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सायलीनं तान्ह्याला छातीशी धरलं. त्याच्या मापाचं जाकीट होडीत नव्हतं.

"वल्हं मारते मी," स्नेहल म्हणाली.

तिनं वल्हं पाण्यात घातलं आणि ओढलं. ते जड झालं. वर काढलं तर त्याच्या पात्यावरून केस लोंबत होते.

वल्हं तिनं आत ठेवलं, वेणी जाकिटात खोचली आणि इंजिन उचलून वर घेतलं. पंख्याभोवती केसांचा गोळाच बसला होता. नारळाएवढा, काळा, बुळबुळीत, मधे पांढऱ्या बटा. तिनं हातमोजे चढवले, सुरी घातली आणि मूठभर गुंता उपसला. बोटं आतपर्यंत गेली. त्या केसांत ऊब होती. वास आला तो ताज्या खोबरेलाचा, नुकत्याच न्हालेल्या बाईच्या मानेजवळ यावा तसा. स्नेहलनं तो गुंता हातातून झटकला.

पाण्यात.

"बादलीत, बाई... बादलीत," बिभीषण पुटपुटला.

पंख्यावरचा उरलेला गुंताही तिनं असाच काढून लांब फेकला. इंजिन खाली सोडून दोरी ओढली. ते सुरू झालं, होडी चार हात गेली आणि ते पुन्हा गुदमरलं. वर उचललं तर गोळा तेवढाच होता. नाही, जरा मोठाच होता. आणि वरच्या थरात एक बारीक गुंतवळ होता, बोटाभोवती गुंडाळलेला. तो तिनं ओळखला. तो तिचा होता.

बाभळी आता जवळ आल्या होत्या.

"काका, हे काय आहे?"

बिभीषणनं आवाज खाली आणला. तान्हं झोपलं होतं, म्हणून असेल.

"हितं खाली जुनं गाव हाय. घाट हाय. बायका घाटावर केस इंचरायच्या, गुंतवळावर थुकायच्या आन टाकून द्यायच्या. रंगुबाई म्हनून एक हुती. तिला खोकला लागला. गावाला तिच्या थुकीची किळस. तिला सांगितलं, तू घाटावर थुकायचं न्हाई. रस्त्यावर न्हाई, वावरात न्हाई... आलं की गिळायचं."

"मग?"

"मग गिळायची. मी लहान हुतो, बघायचो. डोळ्यात पानी यायचं तिच्या, पन गिळायची. केस लई गळायचे. गुंतवळ तसाच टाकायची... कोरडा."

"आणि पुढं?"

"धरनाचं पानी चढलं तवा गाव उठलं. बैलगाड्या भरल्या." त्यानं उपरणं खांद्यावरून ओढून घेतलं. "ती कुनाच्या गाडीत बसली, ते कुनालाच म्हाईत न्हाई. जो तो म्हनला, दुसऱ्याच्या गाडीत आसंल."

होडीच्या तळाला काहीतरी घासलं. एकदा, हलकंसं. सायलीनं तोंडातल्या तोंडात लेकराचं नाव घेतलं.

स्नेहलनं बादली पुढं ओढली. या वेळी तिनं एकही केस पाण्यात पडू दिला नाही. उपसत गेली. मनगटापर्यंत ओशट झाली. बादली भरली तेव्हा आतला ढीग स्थिर नव्हता. झोपेत माणूस कूस बदलतं, तसा तो सावकाश वळत होता. त्यातून केस काठावर येत होते आणि खाली बघत होते, असं तिला वाटलं.

"थुका, सिस्टर," सायली म्हणाली. "अवो, थुका ना!"

तिनं तोंड उघडलं. किळस आली की तोंडाला पाणी सुटतं म्हणतात, तिचं तोंड भाकरीसारखं कोरडं पडलं होतं. सवयीनं तिची मान वळली. समोर सायलीचं तान्हं होतं, टाळूवर जावळाची काळी लव. तळाला पुन्हा घासलं. या वेळी लांब, करकरत.

स्नेहलनं मान परत फिरवली. बादलीत सरळ बघितलं. ती रंगुबाईशी बोलली की नुसतं पुटपुटली, सायलीला नीट ऐकू आलं नाही. "मी तोंड फिरवत नाही," असं काहीसं ती म्हणाली. आणि मग ती थुंकली.

बादलीतलं वळणं थांबलं.

दोरी ओढली तशी इंजिननं पहिल्याच झटक्याला आवाज दिला. नांगर असा वर आला, जणू कुणी हातात आणून दिला. वस्तीच्या काठाला होडी लागली तेव्हा दिवस बुडत होता. सायली उतरली आणि लेकराला घेऊन मागं न बघता पळाली. बिभीषणनं काठावर वीतभर खड्डा केला आणि बादली उपडी केली. आत नुसतं स्वच्छ पाणी होतं. वर खोबरेलाचा पातळ तवंग.

"शिकलात तुमी," तो म्हणाला, आणि जुन्या उपरण्यानं तिचे हात स्वतः पुसले.

नंतरच्या आठवड्यात नमुने घ्यायचा दिवस आला. खोकल्याची माणसं ओसरीत बसली. स्नेहलनं एकेकाची डबी पूर्ण तळव्यात घेतली, त्याच्या तोंडाकडं बघत. एक म्हातारा तर चकित होऊन हसला. सगळी गेल्यावर ती डब्या खोक्यात लावायला बसली.

एक डबी जास्त होती.

नावाची चिठ्ठी कोरी. झाकणावरचं कारखान्याचं प्लॅस्टिक फाटलेलं नव्हतं, आणि डबी काठोकाठ भरलेली होती. त्यात एक लांब केस गोल बसला होता. तरी स्नेहलनं ती चिमटीत धरली नाही, हातात घेतली. डबी कोमट होती.

ओसरी रिकामी होती. पण बाहेर कुणीतरी फार दिवस दाबून धरलेला खोकला सोडला. मोकळा, दीर्घ, सुटका झाल्यासारखा. मग शांत झालं.

स्नेहल उठली. कपाट उघडून तिनं नव्या, न वापरलेल्या डब्यांचा पुडा खाली काढला. रिकाम्या डब्यांचा पुडा एका हातानं उचलेना, म्हणून दोन्ही हात लावले. पुड्याचं पारदर्शक प्लॅस्टिक फाटलेलं नव्हतं. सगळी झाकणं जागेवर होती.

आणि सगळ्या डब्या कोमट होत्या.