जरा उजेडात उभ्या राह्यता?

"मॅडम, जरा बोर्ड वाचून सांगता काय?"

खुशीनं वर पाहिलं. पांढरकवड्याच्या स्टँडवर, सकाळच्या कडाक्याच्या थंडीत, एक उंचापुरा पोरगा तिच्यापुढे उभा होता. आणि त्याच्या मागे बस. तिच्या कपाळावर हा एवढा मोठा बोर्ड — हैदराबाद! आंधळ्यालाही दिसावा असा.

आता बया, हा नवीनच प्रकार! बोलायला निमित्त हवं म्हणून पोरं काय काय शोधून काढतील... तिनं हसू दाबत ठोकून दिलं, "वर्ध्याची हाय."

"बरं. थँक्यू हं," म्हणत तो निमूट बाकावर जाऊन बसला.

बस घुरघुरली. कंडक्टरनं आरोळी दिली, तरी पोरगा हलेना. नुसता कान देऊन बसला होता, आणि डोळे... डोळे भलतीकडेच. म्हणजे याला खरंच दिसत नाही! ती धावली, त्याचं मनगट धरून त्याला ओढतच बसमध्ये आणलं.

"हैदराबादचीच हाय! माफ करा, मस्करी केली मी."

"मालूम हाय," तो धापा टाकत म्हणाला. "वर्धा म्हणताना तुमचा आवाज हसून राह्यलता."

"मंग बसले काहून?"

"दुसऱ्यांदा विचाराची लाज वाटली."

नाव अमर. ट्रकवर ड्रायव्हर — होता. हैदराबादच्या किती खेपा टाकल्या त्याला गणती नाही, पण दिवसा ट्रकला शहरात बंदी. माल बाहेरच्या गोदामात उतरवायचा आणि आल्या पावली माघारी. चारमिनार पाहिला तो कॅलेंडरवर. आणि आता डोळ्यांनी दगा दिला होता. आधी रात्रीचं गेलं, मग बाजूचं. नळीतून पाहावं तेवढंच समोरचं उरलं होतं, तेही धुकट. उद्या दुपारी मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं.

"पण त्याच्या आधी चारमिनार," तो म्हणाला. "डॉक्टर काय सांगन ते मले ठावं हाय."

खुशीही हैदराबादलाच चालली होती बहिणीकडे, कोकिळाच्या बाळंतपणाला. आपण भलं नि आपलं काम भलं, असं राहावं की नाही? पण तोंडून निघून गेलंच, "मी येऊ संगं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला काहीतरी थाप मारून ती चारमिनारपाशी आली. बांगड्यांची दुकानं, चहावाल्यांची हाळी, हॉर्न, गर्दी. त्यात अमर मान वर करून उभा. एक मिनार पाहायचा, मान फिरवायची, दुसरा शोधायचा. येणारे-जाणारे धडकत होते आणि दर वेळी माफी तोच मागत होता. खुशीला ते बघवेना.

"झाला पाहून?"

"हाव." तो घुटमळला. "एक मांगू? राग नका मानू..."

"मांगा ना."

"जरा उजेडात उभ्या राह्यता?"

ती कमानीच्या सावलीतून उन्हात आली. अमरनं कपाळापासून सुरुवात केली. भुवया, नाक, ओठ, हनुवटीवरची लहानपणच्या खोकेची खूण... एकेक करत, अगदी सावकाश. दुसऱ्या कुणी असं पाहिलं असतं तर तिनं चप्पल काढली असती. आज मात्र तिचेच कान तापले.

"एवढं काय पाहून राह्यले?"

"पाठ करून राह्यलो."

डॉक्टरांनी नवं काही सांगितलं नाही. उरलंय तेही जाणार. इलाज नाही.

पुढे रोज फोन. कोकिळाला मुलगी झाली तेही खुशीनं आधी त्यालाच सांगितलं. आणि एक दिवस त्यानं फोन उचलणंच बंद केलं. खुशी पांढरकवड्याला परत आली ती तडक हायवेवर, त्याच्या भावाच्या पंक्चरच्या दुकानात. दिवस बुडत होता. अमर बाहेर बाजेवर बसला होता.

"फोन काहून उचलत नाही?"

आवाजाच्या दिशेनं त्यानं तोंड फिरवलं. "खुशी... मले आता सारंच मांगा लागते. चहा मांगा, चप्पल मांगा, रस्ता मांगा. मांगन मी, शिकून राह्यलो. पण तुले नाही मांगणार. तुह्या बापाले काय सांगू, काठी पायजे म्हणून पोरगी द्या?"

खुशीला असा संताप आला, की दोन लगावून द्याव्यात. आणि रडूही आलं, एकदमच. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"बरं. नका मांगू. मी मांगते."

"काय?"

"अंधार पडला. मले भेव लागते. जरा घरापर्यंत सोडून देता काय?"

धादांत खोटं! अंधाराला आपण भीत नाही, हे तिनंच त्याला फोनवर कितीदा ऐकवलं होतं. दुकानांचे दिवे लागले होते. अमरला ते असून नसल्यासारखे.

त्यानं पायांनीच चप्पल चाचपली. मग उठला आणि हात पुढे केला — भलतीकडेच, टायरांच्या ढिगाकडे. खुशी गुपचूप सरकली आणि त्या हातापुढे येऊन उभी राहिली.